तळाचं माप

लवंगीला तोंडावर बुटकी म्हणायची हिंमत सगळ्या मुलखात एकाच बाईत होती आणि ती तिची सासू होती. बाकीचे तिला लवंगी म्हणत आणि काय ते समजून जात. उंची बेताची, आवाज कारखान्याच्या भोंग्याशी स्पर्धा करणारा, आणि कुठेही उभी राहिली तरी मान अशी ताठ की, वेणीला दोरी बांधून कुणी तिला छताकडे ओढतंय की काय असं वाटावं. फोटो काढताना पुढच्या रांगेत बस म्हटलं की ती मागच्या रांगेत जाऊन चवड्यांवर उभी राहायची. लग्नाच्या फोटोत ती नवऱ्याच्या कानाला लागते. प्रत्यक्षात खांद्याला लागते. त्या दिवशी तिच्या पायाखाली काय होतं, हे त्या बिचाऱ्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होती. भट्टीतून निघालेले ट्रे ढकलगाडीवर रचायचे आणि गाडी लोटत कूलिंगच्या खोलीत न्यायची. तिथे पाव निवले की पलीकडे पॅकिंग. दिवसभर भट्टीची धग खाऊनही ही बाई संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायला जायची, आणि तिथे तर तिच्या अंगात यायचंच.

कारखान्याची बायकांची टीम होती. आसपासच्या साबणवाल्या, बाटलीवाल्या, छापखानेवाल्या अशा सगळ्यांच्याच टीम होत्या आणि दरवर्षी त्यांचे सामने व्हायचे. टीम निघाली तेव्हापासून लवंगी टीममध्ये होती. पण गेली तीन वर्षं ती खेळत होती कमी आणि बाकावर बसत होती जास्त. कारण आधीचा कोच. तो मुळात गोदामाचा कारकून. माणसांनाही तो खोक्यांसारखा उंचीने लावून ठेवायचा. "नेटपाशी शिड्या हव्यात, पाट नकोत," असं म्हणून त्याने लवंगीला मागे टाकलं होतं. सर्व्हिस करायला आत यायचं, सर्व्हिस झाली की बाहेर. तिचा स्मॅश काय होता हे जुन्या बायकांना विचारा. जमिनीवरून अशी उसळायची की समोरच्या उंच उंच बाया वर बघत राहायच्या. पण बाकावर बसून कुणाला उडी मारता येत नाही.

नेटपाशी तिची जी जागा होती ती मिळाली कुणाला? तर तिच्याच नणंदेला.

नणंद म्हणजे बांबू. नवऱ्याची धाकटी बहीण, कूलिंगच्या खोलीत कामाला. लहानपणी सगळ्या पोरींच्या आधी भराभर वाढली आणि तेव्हापासून जी ओशाळली ती ओशाळलीच. पाठीला कायमचा बाक. दार दिसलं की वाकायची, आणि दार नसलं तरी वाकायची. दोघी एका घरात राहायच्या, एकत्र कामाला जायच्या. त्यांना येताना बघितलं की फाटकावरचा पहारेकरी म्हणायचा, "आलं बघा दीड माणूस." त्यातलं अर्धं माणूस कुठलं, हे त्याने एकदाच बोटाने दाखवलं होतं. पुन्हा दाखवलं नाही.

वहिनी-नणंदेचं एरवी गूळपीठ होतं. पण वयाची पस्तिशी समोर दिसत होती, गुडघे अधूनमधून बोलायला लागले होते, आणि लवंगीला पक्कं ठाऊक होतं की यंदा पहिल्या सहात जागा मिळाली तर मिळाली. पुढच्या वर्षी तिला कुणी विचारणार नव्हतं.

आणि यंदाच नव्या कोचबाई आल्या. केस पांढरे, दंड अजून कणखर, गळ्यात शिट्टी. स्वतः तरुणपणी पुष्कळ खेळलेल्या. महिनाभर प्रॅक्टिस बघून झाल्यावर सगळ्यांना ओळीने उभं करून त्या म्हणाल्या, "कोण किती उंच आहे हे मला सांगू नका. ते मला दिसतंय. उंची तुम्हाला आईबापांनी दिली, त्यात तुमचा काही पराक्रम नाही. मी बघणार ती उडी. पाच जागा मी ठरवल्या आहेत. सहावी जागा नेटपाशी मारणारीची. जिची उडी सगळ्यांत मोठी, तिची ती जागा."

लवंगीला वाटलं, ह्या बाईच्या पाया पडावं. पडली नाही, कारण त्यासाठी वाकावं लागलं असतं.

उडी मोजायची पद्धत साधी होती. गोदामाच्या मागच्या भिंतीला गडद हिरवा रंग होता. तिथे प्रत्येकीने बोटं मैद्यात बुडवायची. मैद्याला तिथे काय तोटा! आधी भिंतीला कूस लावून, टाचा जमिनीला टेकवून उभं राहायचं आणि हात वर करून भिंतीला बोटं लावायची. हे तळाचं माप. मग पुन्हा बोटं बुडवायची आणि जागच्या जागी उडी मारून जिथे पोचेल तिथे लावायची. हे वरचं माप. दोन ठशांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. मॅडम स्टुलावर चढून लाकडी पट्टीने ते मोजायच्या.

आता जिथे मोजमाप आलं तिथे चलाखी आलीच. जुन्या खेळाडूंमध्ये एक विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला म्हणतात खांदा चोरणं. तळाचं माप देताना हात तर सरळ वर करायचा, पण खांदा गुपचूप खाली ठेवायचा, कमरेत किंचित मुरडायचं. ठसा खाली लागतो. मग उडी मारताना तोच खांदा खाडकन मोकळा सोडायचा. ज्या बाईने आयुष्यात उंबरठ्याहून मोठी उडी मारली नाही तिचीही उडी अशाने चार बोटं वाढते. मॅडम काही कालच्या नव्हत्या. सोमवारी माप घेताना त्या प्रत्येकीच्या मागे उभ्या राहून संशय आला की खांद्यावर टपली मारत होत्या. "हा वर काढ. घरी विसरून आलीस का?" टपली बसली की ठसा वर सरकायचा आणि बाकीच्या फिदीफिदी हसायच्या.

बांबूला मात्र टपली बसली नाही. ती बाराही महिने बाकदार. तिच्याकडे बघून चोरीचा संशय कुणाला यावा?

मग लवंगी आली. तिचा सगळा जन्म बोटभर उंच दिसण्यात गेलेला. तिला कुणी "उभी राहा, हात वर कर" म्हटलं आणि ती साधी उभी राहिली असं होणं शक्यच नव्हतं. खांदा कानाला जाऊन चिकटला. बरगड्या उघडल्या. बोटांची पेरंसुद्धा लांबली असावीत. टाचा तेवढ्या इमानाने जमिनीवर होत्या. तिने ठसा लावला, मागे सरून त्याच्याकडे बघितलं आणि तिला बरं वाटलं. मग उडी मारली. चांगली मारली.

मॅडमनी पट्टी लावली, पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "बांबू पहिली. लवंगी दुसरी, चार बोटं मागे."

सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. लवंगी उडीत मागे? तीही बांबूच्या? लवंगीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "पट्टी बरोबर आहे ना मॅडम?" तिने विचारलं.

"पट्टी बरोबर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "शुक्रवारी पुन्हा घेईन. ज्यांना परत मोजून घ्यायचं असेल त्यांनी यावं. पण आधीच सांगते, परत मोजलं की सोमवारचं माप रद्द. जे शुक्रवारी येईल तेच खरं. रविवारी साबणवाल्यांशी पहिली मॅच आहे. शुक्रवारनंतर रडत माझ्याकडे यायचं नाही."

घरी जाताना बांबू वहिनीची पिशवी स्वतःच घेऊन चालत होती, आणि रस्ताभर नको तितकं गोड बोलत होती. लवंगीला त्याच वेळी संशय यायला हवा होता. पण राग डोक्यात असला की माणसाला समोरचं दिसत नाही.

दिसलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, कूलिंगच्या खोलीत. लवंगी गाडी लोटत आत आली तेव्हा बांबू रॅकच्या सर्वांत वरच्या फळीवरचा ट्रे काढत होती. उभ्या उभ्या, सहज, मागे वळून कुणाशी तरी बोलता बोलता. तिच्या बोटांची टोकं फळीच्या कडेला टेकली होती. ती ट्रे घेऊन गेल्यावर लवंगी रॅकला कूस लावून उभी राहिली, हात पुरा ताणला आणि रॅकच्या दांड्यावर आपली बोटं कुठे टेकतात ते बघितलं. मग पावाच्या खोक्यावर चढून तिथून फळीच्या कडेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. आठ बोटं.

खोक्यावरून उतरून ती तडक गोदामात गेली. सोमवारचे ठसे तसेच होते. बांबूचा तळाचा ठसा आणि तिचा तळाचा ठसा, मध्ये फक्त चार बोटं.

बाकीची चार बोटं गेली कुठे? आणि नेमक्या तेवढ्याच बोटांनी आपण मागे कशा पडलो? लवंगी शाळेत गणितात कच्ची होती, पण हे गणित तिला भिंतीपाशी उभ्या उभ्या सुटलं. तिच्या तोंडून एक शिवी निघाली. गोदामात मैद्याच्या पोत्यांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ती इथे दिली नाही तरी चालेल.

संध्याकाळी घरी बांबू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मटार सोलत होती. सासूबाई शेजारी खुर्चीवर, हातात विणकाम. लवंगी दारात उभी राहिली आणि तिने आडवळण न घेता विचारलं, "नणंदबाई, काल खांदा कुठे ठेवला होतात?"

बांबूच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुठला खांदा?"

"डावा की उजवा ते तू सांग. चार बोटं गायब आहेत. रॅकपाशी आहेत, भिंतीवर नाहीत."

बांबूने एकदा आईकडे बघितलं, मग मटारांकडे. "अगं वहिनी, सगळ्याच चोरतात. आणि मी काही मुद्दाम नाही केलं. म्हणजे... थोडं केलं. पण मी उभीच तशी राहते ना!"

"तशी उभी राहते म्हणूनच तुझी चोरी खपली."

"मग तूही चोर की! शुक्रवार आहे ना. खांदा नुसता सैल सोड, कमरेत जरा मुरड. तुझी उडी माझ्यापेक्षा केव्हाही मोठी आहे, मला माहीत नाही का? जरा बुटकी होऊन उभी राहा, की झालं."

"जरा काय होऊन?"

"असं म्हणायचं नव्हतं मला."

आता खरं सांगायचं तर लवंगीला मोह झाला. जागा हवी होती. अगदी जिवापाड हवी होती. ती आतल्या खोलीत गेली, कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली आणि खांदा चोरायला लागली. खांदा खाली आणला की हनुवटी वर जायची. हनुवटी खाली घेतली की टाचा उचलल्या जायच्या. कमरेत मुरडली की आपण दात दुखणाऱ्या माणसासारखे दिसतो असं तिला वाटायचं. विणकाम हातात घेऊन सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अंगात उसण भरली का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. लहान व्हायला शिकतेय."

"त्यात काय शिकायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "आहेस तशी उभी राहा."

शेवटी एकदाचं जमलं. खांदा खाली, कंबर सैल, मान आत. आरशात एक बाई दिसली. आखूड, पोक काढलेली, कुणीही बाजूला हो म्हटलं तर मुकाट बाजूला होईल अशी. लवंगीने तिच्याकडे एक नजर टाकली आणि तिला इतका राग आला की ती तशीच ताडताड स्वयंपाकघरात परत आली.

"बांबू, इकडे बघ. वर बघ माझ्याकडे." बांबू जमिनीवर बसलेली, त्यामुळे तिला खरंच वर बघावं लागलं. "तू माझी जागा घेतलीस याचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो वेगळा. मला राग आलाय तो तू हात लपवलास याचा. अगं, एवढा लांब हात! तो मला मिळाला असता ना, तर मी झोपतानासुद्धा खाली घेतला नसता. जन्मभर मी चवड्यांवर उभी राहिले आणि तुला फुकटात मिळालंय ते तू पाठीत घालून फिरतेस. लाज कसली वाटते तुला? उंच असण्याची?"

मटाराची टरफलं गोळा करून बांबू बाहेर टाकायला गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. सासूबाईंनी विणकामातून डोकं वर न काढता एवढंच म्हटलं, "सरळ उभी राहा सांगता सांगता माझा घसा बसला होता. मी तो नाद सोडला. तू बघ जमतंय का."

पुढचे दोन दिवस दीड माणूस वेगवेगळं कामावर गेलं. पुढे अर्धं, मागे एक. पहारेकऱ्याने विचारलं नाही. नवऱ्याला यातलं काही कळत नव्हतं असं नाही, पण तो शहाणा होता. बायको आणि बहीण यांच्यामध्ये माणसाने बोलू नये, फक्त जेवावं, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं. तरी गुरुवारी त्याने भीत भीत सुचवलं, "मॅडमना सांगून का टाकत नाहीस?"

"काय सांगू? माझ्या नणंदेने चोरी केली, मला जागा द्या?" लवंगी फणकारली. "जागा मिळवायची ती पायांनी मिळवेन. चुगलीने मिळालेली जागा कितीशी टिकते हो?"

"आणि नाही मिळाली तर?"

"मिळेल," लवंगी म्हणाली, आणि दिवा मालवून पाठ वळवून झोपली. झोप मात्र तिला उशिरा लागली.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर गोदामात सगळी टीम जमली. परत मोजून घ्यायला तिघीचौघी होत्या, पण बघायला सगळ्या. लवंगीने केस घट्ट बांधले, बूट काढून कॅनव्हासचे घातले आणि भिंतीपाशी गेली. मैद्यात बोटं बुडवली. मागून कुणीतरी हळूच कुजबुजलं, "खांदा, खांदा." ते तिने ऐकलं. तिने हात वर केला आणि तो जायचा तिथेच गेला. पार वर. खांदा कानाला. तिचं शरीर तिच्या बापाचंही ऐकणारं नव्हतं. मग तिने उडी मारली. मॅडमनी पट्टी लावली.

"सोमवारचंच माप," त्या म्हणाल्या. "तसूभर इकडे नाही, तिकडे नाही."

चेहऱ्यावर काही दिसू न देता लवंगी बाजूला झाली आणि हाताचा मैदा झटकत राहिली. झालं, असं तिला वाटलं. तीन वर्षं बाकावर गेली, आता चौथंही तिथेच.

"मॅडम, मला परत मोजायचंय."

बांबू बोलत होती. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "तुला कशाला? तू पहिली आहेस. परत मोजलंस तर सोमवारचं रद्द, सांगितलं होतं ना?"

"ठाऊक आहे," बांबू म्हणाली.

ती भिंतीपाशी गेली. बोटं बुडवली. मग तिने जे केलं ते त्या कारखान्यात कुणी कधी बघितलं नव्हतं. ती सरळ उभी राहिली. आधी कंबर, मग पाठ, मग मान, एकेक करून सगळं सरळ झालं. पाठीतून कटकट असे दोन आवाज आले ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. हात वर गेला, आणि जातच राहिला. मैद्याचा ठसा भिंतीवर लागला तेव्हा कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं. सोमवारच्या तिच्याच ठशाच्या चांगला चार बोटं वर.

मॅडम त्या ठशाकडे बघत राहिल्या. "हा हात सोमवारी कुठे होता?"

"खिशात," बांबू म्हणाली.

"आणि त्याआधी?"

"तिथेच."

हसायचं की नाही हे कुणाला कळेना. लवंगीच्या मनात आलं, ही गाढव जागा घालवून बसणार. आणि त्याच वेळी तिला नणंदेचा इतका अभिमान वाटला की, हिला आत्ता मिठी मारावी की एक ठेवून द्यावी हे तिचं तिलाच ठरेना.

बांबूने उडी मारली. वरचा ठसा सोमवारच्याच उंचीवर लागला. मॅडम स्टुलावर चढल्या, पट्टी लावली, उतरल्या, लवंगीच्या ठशांपाशी जाऊन पुन्हा पट्टी लावली. मग चष्मा पुसला.

"दोघींची उडी सारखी," त्या म्हणाल्या. "अगदी सारखी. जागा एकच आहे. दोघींना आणखी एकेक उडी. बांबू, तू आधी."

बांबूने मनापासून मारली. मुद्दाम कमी मारली असं कुणी म्हणू नये म्हणून तोंड लाल होईपर्यंत जोर लावून मारली. ठसा आधीच्या ठशावरच बसला.

मग मॅडम लवंगीकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू उलटी चोर आहेस, माहीत आहे ना? बाकीच्या खांदा चोरतात, तू उधळतेस. एवढं ताणून कुणी उभं राहत नाही. चोरी कर म्हणत नाही मी. फक्त माणसासारखी नीट उभी राहा, मी तळाचं माप परत घेते. हक्काचं बोटभर आहे तुझं. तेवढ्यात जागा तुझी. उडी मारायचीही गरज नाही."

आवाज खाली आणला तरी गोदामात घुमतोच. सगळ्यांनी ऐकलं. "सोड गं खांदा!" "लवंगे, ऐक मॅडमचं!" आणि सगळ्यांच्या वर बांबूचा आवाज, "वहिनी, आता तरी सोड!"

लवंगीने भिंतीवरच्या आपल्या तळाच्या ठशाकडे बघितलं. मॅडम बरोबर बोलत होत्या, हे तिला पुरतं कळत होतं. बोटभर खाली येऊन उभं राहायचं, बस. त्यात खोटं काही नव्हतं. जागा हातात होती.

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "मी एवढीच आहे."

"अगं, एवढी नाहीयेस तू!"

"आहे. रोज एवढी असते. ते बोटभर मला खालून नको. वरून आणते."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण त्यांच्या ओठांचे कोपरे हलले होते. "वरून आणायचं तर आधी खाली जावं लागतं, बाई. महिनाभर सांगतेय, उडायच्या आधी तू वाकतच नाहीस. गुडघे नावाला मोडतेस. उभी राहा हवी तेवढी ताठ. उडताना तरी वाक."

महिनाभर त्यांनी ते सांगितलं होतं हे खरं, आणि लवंगीने महिनाभर ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं हेही खरं. वाकणं तिच्या रक्तातच नव्हतं. आता तिने पहिल्यांदा ते नीट ऐकलं. बोटं मैद्यात बुडवली. भिंतीपाशी उभी राहिली, नेहमीसारखी, खांब गाडल्यासारखी. एक श्वास घेतला.

आणि ती खाली गेली. गुडघे मोडले, कंबर मोडली, दोन्ही हात मागे गेले. इतकी खाली गेली की मागच्या रांगेतल्यांना ती दिसेनाशी झाली आणि कुणीतरी "कुठे गेली?" असं विचारलंसुद्धा. मांड्या पेटल्या, डावा गुडघा कुरकुरला. हात पुढून वर झेपावले आणि त्यांच्या मागोमाग ती सगळीच्या सगळी वर गेली. पायांखाली जमीन नाही, अंगात भट्टीची धग, आणि भिंतीचा हिरवा रंग झरझर खाली घसरतोय. तीन वर्षांत हे सुख तिला कुणी दिलं नव्हतं. वर पोचल्यावर तिने बोटं भिंतीला लावली नाहीत. थापडच मारली.

खाली येऊन ती तोल सावरेपर्यंत मैद्याचा धुरळा तिच्या केसांवर बसत होता. मॅडम स्टूल शोधत होत्या, पण बांबूला तेवढा धीर नव्हता. ती भिंतीपाशी मैद्याच्या पोत्यांवर चढली, आणि वाकून नव्हे, ताठ उभी राहून तिने वहिनीच्या जुन्या ठशापासून नव्या ठशापर्यंत आडवी बोटं ठेवली. एक, दोन. तिसरं अर्धं बसलं.

"वहिनी," ती म्हणाली, आणि तीच बोटं वर करून तिने सगळ्यांना दाखवली.

गोदामात एकच कल्ला झाला. कुणीतरी मैद्याची मूठ उधळली, कुणीतरी मुकादमाचा आवाज काढून "मैदा वाया घालवू नका" म्हणून ओरडलं. मॅडमनी तरीही स्टुलावर चढून रीतसर पट्टी लावली, कारण त्या तशाच होत्या. मग उतरून म्हणाल्या, "रविवारी पहिल्या सहात तू. आणि बांबू, तू उद्यापासून रोज नेटवर हात धरून ब्लॉकची प्रॅक्टिस करायचीस. तो हात मला पुन्हा खिशात दिसता कामा नये."

लवंगी धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची तिला मुळीच गरज वाटली नाही. नणंदेने तिला कवेत घेऊन जमिनीवरून उचललं तेव्हा तिने पाय झाडले. मग त्या उंचीवरूनच तिने मॅडमना हाक मारली.

"मॅडम! तळाचं माप बदललं नाहीत ना?"

"नाही गं बाई," मॅडम म्हणाल्या. "आहे तेच धरलंय."

"मग ठीक आहे," लवंगी म्हणाली. "आता उतरव मला."